गुपिताची जाहीर परीक्षा

'जेफे' हा गुप्त शब्द फेब्रुवारी 1997 पासून छापील स्वरूपात जगजाहीर आहे. त्याच्या भरवशावर पाठवायचा निरोपही शेजारीच छापलेला आहे: 'व्हॉट डू या वाँट फॉर नथिंग?' मराठीत साधारण 'फुकटात आणखी काय हवंय तुला?' निरोपावर उमटणारी मोहरसुद्धा तिथेच दिली आहे. एमडी5 पद्धतीने काढली तर ती 750 या आकड्यांनी सुरू होते. गुपित, निरोप आणि मोहर, तिन्ही चव्हाट्यावर. तरीही जगभरचे प्रोग्रामर पाव शतकाहून जास्त काळ हे तिन्ही कॉम्प्युटरला भरवत आले आहेत आणि उत्तर 750 ने सुरू झालं की 'हुश्श' म्हणत आले आहेत.

हे प्रकरण 'एचमॅक'चं. ह्यूगो क्रॉचिक, मिहिर बेलारे आणि रान कॅनेटी या तिघांनी ते आरएफसी 2104 मध्ये मांडलं. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे कायदेकानू ज्यांत लिहून ठेवतात ते क्रमांकित दस्तऐवज. काम तसं सरळ आहे. दोघांकडे एकच गुप्त किल्ली असते. पाठवणारा निरोप आणि किल्ली मिळून एक ठरावीक लांबीची मोहर काढतो. घेणारा आपल्याकडच्या किल्लीने तीच मोहर पुन्हा काढून ताडून बघतो. मधल्या कुणी 'पाचशे'चे 'पाच हजार' केले असतील तर मोहर जुळत नाही. निरोप लपत नाही, वाचायचा तर खुशाल वाचा. पण खाडाखोड केलीत तर पकडले जाल.

मोहर काढताना किल्ली दोनदा कालवतात, एकदा आतून आणि एकदा बाहेरून. एवढा व्याप कशाला, असं पुष्कळांना वाटलं. त्यांनी किल्ली आणि निरोप एकापुढे एक चिकटवून सरळ हॅश, म्हणजे ठरावीक लांबीचा ठसा, घेतला. 2009 साली फ्लिकरच्या एपीआयमध्ये या काटकसरीचं फळ दिसलं: किल्ली माहीत नसतानाही निरोपाच्या शेपटीला हवं ते जोडून नवी, अगदी खरी मोहर काढता येत होती.

किल्ली म्हणजे खरं तर यादृच्छिक बाइटांची रास. माणसाला ती पाठ होत नाही. माणसाला पाठ होतो पासवर्ड, आणि तोही मुलाचं नाव आणि जन्मसाल एवढाच. म्हणून पासवर्डाची किल्ली करून देणारी पीबीकेडीएफ2 नावाची चक्की बसवली गेली. तिच्यात एका तोंडाने पासवर्ड आणि दुसऱ्या तोंडाने 'सॉल्ट' नावाचा जोडीचा मजकूर टाकायचा आणि एचमॅकची हजारो आवर्तनं फिरवायची. हेतू असा, की चोराला प्रत्येक अंदाजामागे तेवढंच दळण दळावं लागावं. सप्टेंबर 2000 मधल्या आरएफसी 2898 ने किमान 1000 आवर्तनं सुचवली होती. जांगो या पायथन फ्रेमवर्कच्या 5.2 आवृत्तीत हा आकडा 10,00,000 झाला. चोरांचे कॉम्प्युटर वेगवान होतात तसतसा सावांच्या चक्कीचा फेरा वाढतो.

आता या यंत्राची चाचणी घ्यायची. गुप्ततेच्या शास्त्रातले सगळ्यांत संशयी लोक एकत्र बसले आणि त्यांनी चाचणीसाठी पासवर्ड निवडला: 'पासवर्ड'. सॉल्ट निवडला: 'सॉल्ट'. जानेवारी 2011 चा आरएफसी 6070 उघडला की पहिल्या चारही चाचण्यांत हीच जोडी भेटते. पाचव्या चाचणीत जरा कठीण पासवर्ड हवा होता, तेव्हा तोच शब्द तीनदा लिहिला. पहिल्यांदा लहान अक्षरांत, मग मोठ्या अक्षरांत, मग पुन्हा लहान. मे 2024 मध्ये सर्टिफिकेटांच्या पीकेसीएस 12 फायलींसाठी पासवर्डाधारित मोहरेचा नवा दस्तऐवज आला, आरएफसी 9579. त्याच्या नमुना फायलींचा पासवर्ड '1234' आहे. बँकेने एटीएमसाठी जो आकडा ठेवू नका म्हणून बजावलं, तोच इथे मानाने बसला आहे.

यात चूक काहीच नाही, हीच खरी गंमत. चाचणीचा पासवर्ड उघडच असावा लागतो. नाशिकच्या कॉम्प्युटरवर लिहिलेल्या प्रोग्रामचं आणि नॉर्वेतल्या प्रोग्रामचं उत्तर बाइटला बाइट जुळतं का, हे बघायचं तर दोघांना प्रश्न एकच हवा आणि उत्तर छापलेलं हवं. एचमॅकच्या चाचण्या सप्टेंबर 1997 च्या आरएफसी 2202 मध्ये एकत्र केल्या आहेत. पहिला निरोप 'हाय देअर', दुसरा आपला जेफेवाला. शेवटच्या काहींत तर निरोप म्हणून चाचणीचं शीर्षकच टाकलं आहे: 'ब्लॉकपेक्षा मोठ्या किल्लीची चाचणी, आधी किल्लीचा हॅश करा.' उत्तरपत्रिकेत प्रश्न उतरवून काढणारे विद्यार्थी आपण पाहिले आहेत; इथे परीक्षकांनीच तो मार्ग धरला.

पायथनमध्ये या चाचण्या पहिल्यांदा लिहायला बसलेल्या माणसाचा पहिला अर्धा तास ठरलेला असतो. तो किल्लीच्या जागी 'जेफे' लिहितो आणि पायथन ताडकन सांगतं, की किल्ली बाइटांत पाहिजे, तुम्ही अक्षरं दिली आहेत. अवतरणचिन्हाआधी 'बी' लावून तो किल्ली सुधारतो. निरोपाचीही तीच तक्रार येते. तिथेही 'बी' लागतो. शिवाय कोणता हॅश वापरायचा हे सांगायचं राहिलेलं असतं. पूर्वी पायथन अशा वेळी न बोलता एमडी5 घेत असे, 3.4 पासून कुरकुरायला लागलं आणि 3.8 पासून सरळ नकार देतं. इतकं झाल्यावर उत्तर जुळतं. हिरवी ओळ दिसते. हाच माणूस चहाच्या टपरीवर 'क्रिप्टो झालं आपलं' असं सांगताना आढळतो.

आरएफसी 6070 मधली सर्वांत खट्याळ चाचणी शेवटची आहे. तिच्यात पासवर्डाच्या पोटात, 'पास' आणि 'वर्ड' यांच्या मधोमध, एक शून्य बाइट दडवला आहे. सॉल्टच्याही पोटात तसाच एक. सी भाषेत शून्य बाइट आला की मजकूर संपला असं धरण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे बेसावध लायब्ररी 'पास' एवढंच वाचते आणि समाधानाने निघून जाते. पुढे काहीही लिहा, तिच्या लेखी तुमचा पासवर्ड 'पास' हाच. ही एक चाचणी चालवली नाही तर प्रोग्राम वर्षानुवर्षं चालत राहतो, कारण पासवर्डात शून्य बाइट टंकणारा गिऱ्हाईक सहसा येत नाही. आलाच तर तो गिऱ्हाईक नसतो.

त्याच यादीत 1,67,77,216 आवर्तनांची एक चाचणी आहे. पायथनच्या स्वतःच्या चाचण्यांच्या फायलीत ती ओळ लिहिलेली आहे, पण कॉमेंटमध्ये टाकून निजवलेली. वर शेरा: फार हळू, वेगवान सीपीयूवरही मिनिटाहून जास्त वेळ लागतो. गो भाषेच्या क्रिप्टो लायब्ररीतही हीच चाचणी कॉमेंटमध्ये, आणि शेरा तोच, याला फार वेळ लागतो. ज्या यंत्राचा एकमेव गुण सावकाशपणा, त्याची चाचणी ते सावकाश चालतं म्हणून रद्द. जांगोचं दस्तऐवजीकरण तर मोकळेपणाने सुचवतं, की चाचण्या भराभर आटपायच्या असतील तर तेवढ्यापुरती चक्की काढून एमडी5 बसवा. सल्ला व्यवहारी आहे. फक्त ती सेटिंग फाईल चुकून खऱ्या सर्व्हरवर जाऊ नये, एवढं ज्याचं त्याने पाहावं.

आवर्तनांचा आकडा चुकला तर काय होतं, याचा दाखला 2010 चा. ब्लॅकबेरीच्या बॅकअप फायलींना पासवर्डाचं संरक्षण होतं. रशियाच्या एल्कमसॉफ्ट कंपनीने ते उकलून पाहिलं, तर पीबीकेडीएफ2 बसवलेलं होतं, अगदी प्रमाणित. आवर्तनं किती? एक. त्याच सुमारास अ‍ॅपलची आयओएस 4 दहा हजार आवर्तनं करत होती. ब्लॅकबेरी तेव्हा सुरक्षिततेसाठी मंत्र्यासंत्र्यांच्या कमरेला लटकत असे. आणि गंमत पाहा, आरएफसी 6070 ची पहिली चाचणी एकाच आवर्तनाची आहे. उत्तर जुळतं का, एवढंच विचारणाऱ्या परीक्षेत हा आकडा बिनबोभाट पास होतो.

इथे या परीक्षापद्धतीची नाडी सापडते. शितावरून भाताची परीक्षा भाताला लागू पडते, कारण एक शीत शिजलं तर शेजारचंही शिजलेलं असतं. मोहरेच्या कोडचं तसं नाही. छापील सहा उत्तरं जुळली म्हणजे योग्य मोहर काढता येते एवढं सिद्ध झालं. खोटी मोहर नाकारली जाते का, हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. आणि सगळे घोटाळे तिथे झाले.

जुलै 2009 मधलं प्रकरण या बाबतीत अजोड आहे. एक्सएमएल दस्तऐवजांवर एचमॅकची मोहर लावण्याच्या मानकात एक सोय होती: मोहरेचे किती बिट तपासायचे हे खुद्द दस्तऐवजातच लिहिता येई. किमान किती, ते मानकाने सांगितलं नव्हतं. म्हणजे बनावट पत्र आणणाऱ्यानेच दारावरच्या रखवालदाराला सांगायचं, 'पहिला एक बिट बघा, बाकी राहू द्या.' एक बिट म्हणजे शून्य किंवा एक. नाणं उडवलं तरी निम्म्या वेळा आत प्रवेश. मायक्रोसॉफ्ट, सन, ओरॅकल, अपाची अशा मातब्बरांच्या लायब्ररी या रांगेत सापडल्या. आरएफसी 2104 ने बारा वर्षं आधीच लिहून ठेवलं होतं, की मोहर कापायची तर निम्म्याखाली जाऊ नका आणि 80 बिटांखाली तर नाहीच. आरएफसी 2202 मध्ये कापलेल्या मोहरेची चाचणीही होती. पण ती 96 बिटांवर कापली की उत्तर बरोबर येतं का, हे पाहणारी. एका बिटावर कापली तर हाकलून देता का, असं विचारणारी ओळ त्यात नव्हती.

मोहर ताडण्याची रीतही अशीच फसवी. दोन मोहरा सारख्या आहेत का हे विचारायला पायथनमध्ये दोन बरोबरची चिन्हं पुरतात, आणि उत्तर नेहमी खरं येतं. फक्त ते कधी येतं यात चुगली होते. साधी तुलना पहिला चुकीचा बाइट दिसताच थांबते, म्हणून पहिला बाइट बरोबर असलेल्या खोट्या मोहरेला नकार किंचित उशिरा मिळतो. उशीर मोजत बसणाऱ्याला एकेक बाइट शोधता येतो. 2007 साली एक्सबॉक्स 360 वर हेच घडलं. तिथली मोहर 16 बाइटांची. आंधळेपणाने सगळे पर्याय तपासायचे तर 39 अंकी संख्या होते. एकेक बाइट घेतला तर 16 गुणिले 256, म्हणजे फार तर 4096 प्रयत्न. 2009 मध्ये नेट लॉसन यांना हीच चूक गूगलच्या कीझार या लायब्ररीत सापडली. तिचा उद्देशच मुळी प्रोग्रामरांनी क्रिप्टोत चुका करू नयेत हा होता.

पायथनने 2012 मध्ये, 3.3 आवृत्तीत, यासाठी कम्पेअर डायजेस्ट नावाचं फंक्शन दिलं. ते शेवटच्या बाइटापर्यंत जातं आणि मगच तोंड उघडतं. नेहमीच्या चाचण्यांना मात्र या दोन रीतींतला फरक कळत नाही, कारण दोन्हींचं उत्तर एकच असतं.

लांब पासवर्डाची कथा निराळी. एचमॅकला किल्ली एका ब्लॉकमध्ये बसवायची असते, एसएचए-1 किंवा एसएचए-256 साठी 64 बाइटांत. मोठी किल्ली आली तर ते आधी तिचा हॅश करतं आणि हॅशलाच किल्ली मानतं. याचा अर्थ, प्रत्येक लठ्ठ पासवर्डाला एक सडपातळ जुळा भाऊ असतो. मथायस बायनेन्स यांनी अशी एक जोडी शोधून दाखवली: एक पासवर्ड 65 अक्षरांचा, दुसरा 20 अक्षरांचा, आणि पीबीकेडीएफ2 एसएचए-1 सह चालवलं की दोघांची किल्ली तंतोतंत एक. यातून दार कुणाला उघडता येत नाही, कारण जुळा शोधायला मूळ पासवर्ड हातात लागतो. पण 'दोन वेगळ्या पासवर्डांची उत्तरं वेगळी आलीच पाहिजेत' अशी सरधोपट चाचणी लिहिणाऱ्याला रात्रभर जागवायला ही जोडी पुरेशी आहे.

सप्टेंबर 2013 मध्ये जांगोला लठ्ठ पासवर्डाने वेगळाच हिसका दाखवला. पासवर्ड किती लांब असावा याला वरची मर्यादा नव्हती, आणि दर आवर्तनाला तो अख्खा पासवर्ड पुन्हा हॅश होत होता. कुणी एक मेगाबाइटचा पासवर्ड पाठवला, तर तो चुकीचा आहे एवढं सांगायला सर्व्हरला सुमारे एक मिनिट लागे. असे थोडे पासवर्ड एकदम पाठवले की साइट झोपली. उतारा म्हणून 4096 बाइटांची मर्यादा तातडीने घालावी लागली. 'मोठा पासवर्ड ठेवा' हा उपदेश कुणीतरी जरा जास्तच मनावर घेऊ शकतं, हे कोणत्याही चाचणीने धरलं नव्हतं.

वर दिलेल्या सगळ्या छापील चाचण्या रोमन अक्षरांच्या किंवा नुसत्या बाइटांच्या आहेत. मराठी माणसाने देवनागरीत पासवर्ड ठेवला की नवीन खेळ सुरू होतो. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त धरून. बाविसाव्या चिन्हाला 64 बाइटांची वेस ओलांडली जाते. म्हणजे इंग्रजी पासवर्ड सहसा जात नाही त्या 'आधी किल्लीचा हॅश करा' या वाटेवर साधंसं मराठी वाक्य सहज पोचतं.

त्यात आपला 'ऱ' आहे. समजा गावाच्या अभिमानाने कुणी 'कऱ्हाड' असा पासवर्ड ठेवला. यातला ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो. र खाली नुक्ता देऊनही तो लिहिता येतो. आणि र, हलन्त आणि न दिसणारा जोडक अशा तिसऱ्या मार्गानेही पडद्यावर तेच रूप उमटवता येतं. डोळ्यांना तिन्ही कऱ्हाड एकच. बाइट मोजले तर पहिलं 18 चं, उरलेली दोन 21 ची, आणि मोहरा तीन तऱ्हांच्या. लॅपटॉपच्या कीबोर्डवर ठेवलेला पासवर्ड फोनच्या कीबोर्डवरून चालेना, की माणूस आधी स्वतःच्या स्मरणशक्तीवर आणि नंतर बायकोवर संशय घेतो. युनिकोडचं एनएफसी नावाचं प्रमाणीकरण पहिल्या दोन रूपांना एक करतं. 2017 च्या आरएफसी 8265 ने पासवर्डांसाठी तेच सांगितलं आहे. तिसऱ्या रूपातला अदृश्य जोडक एनएफसीनंतरही तिथेच असतो. वर कम्पेअर डायजेस्टला बाइटांऐवजी देवनागरी अक्षरं दिली, तर ते तुलना करायलाच नकार देतं. अक्षरं घ्यायची तर फक्त अ‍ॅस्कीतली, असा त्याचा बाणा आहे.

चक्कीपासून लांब राहू इच्छिणाऱ्यांच्याही घरात ती चालू असते. वायफायच्या डब्ल्यूपीए2 मध्ये पासवर्डावर हीच पीबीकेडीएफ2 4096 आवर्तनं फिरते आणि सॉल्ट म्हणून राउटरचं नाव वापरते. मानकातली एक नमुना चाचणी अर्थातच 'पासवर्ड' या पासवर्डाचीच आहे. नाव हाच सॉल्ट असल्याने, एकच नाव आणि एकच पासवर्ड असलेल्या दोन बिऱ्हाडांची किल्लीही एकच होते. चर्च ऑफ वायफाय नावाच्या मंडळींनी राउटरच्या हजारभर प्रचलित नावांसाठी किल्ल्यांचे तक्ते आधीच दळून ठेवले होते.

चुकीची उत्तरं नाकारण्याची परीक्षा आता हळूहळू रूढ होते आहे. गूगलच्या काही अभियंत्यांनी डिसेंबर 2016 मध्ये वायचप्रूफ नावाचा चाचण्यांचा संच खुला केला. त्यात मुद्दाम बिघडवलेले नमुने भरलेले आहेत. नाव ऑस्ट्रेलियातल्या एका टेकडीचं आहे. जगातला सर्वांत बुटका डोंगर म्हणून ती मिरवते. भोवतालच्या सपाटीपासून उंची जेमतेम 43 मीटर. डोंगर जितका लहान तितका चढायला सोपा, म्हणून हे नाव घेतलं, असं त्यांनीच सांगून टाकलं. आरएफसी 9579 मध्येही '1234' वाल्या चांगल्या फायलींच्या जोडीला आवर्तनांचा आकडा चुकवलेली, सॉल्ट बिघडवलेली आणि किल्लीची लांबी गाळलेली अशा तीन नापास व्हायलाच हव्यात अशा फायली दिल्या आहेत.

तेव्हा पायथनमध्ये असला कोड लिहिणाऱ्यांनी जेफेचा मान ठेवून आणखी चार-सहा ओळी लिहाव्यात. मोहरेचा एक बाइट बदलून ती नाकारली जाते का ते पाहावं. मोहर अर्धी तोडून पाहावी, रिकामी देऊन पाहावी. आवर्तनं किमान आकड्याखाली गेली तर प्रोग्राम अडतो का ते पाहावं. एक मेगाबाइटचा पासवर्ड द्यावा. तिन्ही कऱ्हाड द्यावेत. आणि 1,67,77,216 ची ती निजवलेली ओळ एकदा तरी उठवून चालवावी. मिनिटभराने कॉम्प्युटरचा पंखा घरघरू लागला तर घाबरू नये, चक्की नीट चालली आहे.